दोन शहरांमधलं अंतर बदलत नाही, मग विमानाला लागणारा वेळ का बदलतो?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युरोपीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. तोवर हेलसिंकीहून टोकियोला साडेनऊ तासांच्या आसपास पोहोचणाऱ्या विमानाला त्यानंतर जवळजवळ तेरा तास लागू लागले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या फेऱ्याही लांबल्या आणि काहींना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. शहरं होती तिथेच होती. नकाशावरचं अंतर एका किलोमीटरनेही वाढलं नव्हतं.

असा गोंधळ बातम्यांपुरता नसतो. इंटरनेटवर दोन शहरांची नावं टाकली की दोन आकडे मिळतात: इतके किलोमीटर आणि इतके तास. किलोमीटरला विमानाच्या वेगाने भागून पाहिलं तर तास जुळत नाहीत. जातानाचा आणि परतीचा वेळ एकमेकांशी जुळत नाही, आणि जानेवारीचा वेळ जुलैशी जुळत नाही. याचं मुख्य कारण असं की किलोमीटरचा आकडा जमिनीवर मोजलेला असतो, आणि विमान मात्र हवेतून जातं. ती हवा स्वतः वाहत असते, आणि वाटेतल्या देशांच्या परवानग्या, डोंगर, समुद्र, सुरक्षेचे नियम हे सगळं त्या प्रवासाला आकार देतं. क्रमाने पाहू.

किलोमीटरचा आकडा येतो कुठून

पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दोन शहरांमध्ये खरी सरळ रेषा ओढायची तर ती जमिनीच्या पोटातून जाईल. पृष्ठभागावरून जाणारा सर्वांत जवळचा मार्ग शोधायचा तर अशी कल्पना करा की ती दोन शहरं आणि पृथ्वीचं केंद्र या तिन्हींतून जाणारा एक सपाट काप घेतला आहे. त्या कापाने पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं त्याला बृहत् वृत्त म्हणतात. त्या वर्तुळाचा दोन शहरांमधला छोटा तुकडा म्हणजेच त्यांच्यातलं हवाई अंतर.

विषुववृत्त हे बृहत् वृत्त आहे. समोरासमोरची दोन रेखावृत्तं जोडली तर तेही बृहत् वृत्त होतं. पण विषुववृत्त सोडून बाकीची अक्षवृत्तं मात्र बृहत् वृत्तं नाहीत, आणि नकाशा पाहणाऱ्याची फसगत नेमकी इथेच होते. बीजिंग आणि न्यूयॉर्क ही दोन्ही शहरं ४० अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ आहेत. भिंतीवरच्या नकाशात पाहिलं तर एकातून दुसऱ्याकडे आडवं जायचं, इतकंच वाटतं. तसं अक्षवृत्ताच्या कडेने गेलं तर सुमारे १४,४०० किलोमीटर पडतात. बृहत् वृत्तावरून गेलं तर जेमतेम ११,००० किलोमीटर, आणि तो मार्ग उत्तर ध्रुवापासून ७०० किलोमीटरांच्या आतून जातो. तीन हजारांहून जास्त किलोमीटरचा फरक केवळ कागद सपाट असल्यामुळे नजरेआड होतो.

आपल्या डोळ्यांना सवय असलेला जगाचा नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. ही पद्धत १५६९ मधली, आणि ती जहाजांसाठी केलेली होती. त्या नकाशावरची सरळ रेषा म्हणजे होकायंत्राची दिशा न बदलता जाण्याचा मार्ग. खलाशाला ते सोयीचं होतं, पण तो सर्वांत जवळचा मार्ग असेलच असं नाही. म्हणून विमानाचा सर्वांत जवळचा मार्ग या नकाशावर कमानीसारखा वाकलेला दिसतो आणि प्रवाशाला वाटतं की विमान उगाच वळसा घेतंय. पृथ्वीचा गोल हाताशी असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप बृहत् वृत्तावर बसतो आणि शंका मिटते.

आकडा स्वतः काढायचा असेल तर त्रिकोणमितीची बटणं असलेला कॅल्क्युलेटर पुरतो. दोन्ही शहरांचे अक्षांश आणि रेखांश घ्या. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार करा. दोन्ही उत्तरांची बेरीज करून तिचा उलट कोसाइन अंशांमध्ये घ्या. एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. लंडन (५१.५ उत्तर, रेखांश ०) आणि न्यूयॉर्क (४०.७ उत्तर, ७४ पश्चिम) यांच्यासाठी पहिला गुणाकार ०.५१०, दुसरा ०.१३०, बेरीज ०.६४०, कोन ५०.२ अंश, म्हणजे अंदाजे ५,५८० किलोमीटर. दक्षिण अक्षांश असेल तर तो उणे घ्यायचा, आणि एक शहर पूर्व रेखांशावर व दुसरं पश्चिमेला असेल तर दोन्ही रेखांशांची बेरीज करायची. सगळ्यांत जास्त चुका याच दोन जागी होतात. तिसरी चूक म्हणजे कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर राहणं. तसं झालं तर उत्तर पार वेडंवाकडं येतं, त्यामुळे ती निदान लगेच लक्षात तरी येते.

वैमानिक हेच अंतर नॉटिकल मैलांत मोजतात. एक नॉटिकल मैल १,८५२ मीटरचा असतो, म्हणजे पृथ्वीच्या परिघावरच्या अंशाचा साठावा भाग. वरचे ५०.२ अंश साठने गुणले की तीन हजारांच्या थोडं वर नॉटिकल मैल मिळाले.

वेगवेगळ्या ठिकाणी हा आकडा थोडा वेगवेगळा दिसतो आणि त्याने गोंधळायचं कारण नाही. कोणी शहराच्या मध्यापासून मोजतो, कोणी विमानतळापासून (हीथ्रो ते केनेडी विमानतळ साधारण ५,५४० किलोमीटर). शिवाय पृथ्वी नेमकी गोल नाही: विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाशी ६,३५७. गोल धरून केलेल्या हिशोबात त्यामुळे अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. प्रवासाच्या अंदाजाला ती नगण्य आहे.

ताशी ९०० किलोमीटर, पण कशाच्या तुलनेत?

लांब पल्ल्याची बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० ही विमानं मॅक ०.८५ च्या आसपास उडतात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. अकरा किलोमीटर उंचीवर प्रमाण वातावरणात, म्हणजे हिशोबासाठी ठरवलेल्या सरासरी वातावरणात, उणे ५६.५ अंश सेल्सिअस धरतात आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. त्याचे ८५ टक्के म्हणजे ९०० किलोमीटर. हवा आणखी दहा अंशांनी गार असेल तर त्याच मॅक आकड्यावर वेग ताशी वीसेक किलोमीटरने घटतो. बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० ही लहान विमानं मॅक ०.७८ च्या आसपास उडतात, म्हणून त्याच मार्गावर लहान विमानाला थोडा जास्त वेळ लागतो.

हा सगळा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत आहे. पंखांना उचलून धरते ती हवा, इंजिन ढकलतं ते हवेला. खाली जमीन कुठे आहे याच्याशी विमानाच्या उडण्याचा संबंध नसतो. नदीत वल्हवणाऱ्या नावाड्याचा जोर दोन्ही दिशांना सारखाच असतो, पण काठावरून पाहणाऱ्याला तो प्रवाहाबरोबर झपाट्याने जाताना आणि प्रवाहाविरुद्ध रखडताना दिसतो. विमानाचं अगदी असंच होतं, आणि त्याचा प्रवाह बलाढ्य असतो. आसनासमोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’ म्हणून जो आकडा दिसतो तो काठावरून पाहणाऱ्याचा वेग असतो, म्हणून तो कधी ७५० तर कधी १,०५० दिसतो. वैमानिकाने वेग वाढवलेला किंवा कमी केलेला नसतो.

वाऱ्याचा हिशोब

साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकं जिथे प्रवासी विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण कटिबंधाकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची गार हवा यांच्या तापमानातल्या फरकावर हे पट्टे पोसले जातात, म्हणून हिवाळ्यात ते जास्त जोरदार असतात. ताशी १५० ते २०० किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग, आणि कधी कधी ३०० च्याही पुढे.

५,५४० किलोमीटरच्या मार्गावर ताशी १५० किलोमीटरचा वारा धरा. पूर्वेकडे जाताना ग्राउंड स्पीड १,०५० होतो आणि ५ तास १७ मिनिटं लागतात. पश्चिमेकडे येताना तो ७५० होतो आणि ७ तास २३ मिनिटं लागतात. इथे अनेकांना वाटतं की जाताना जे मिळालं ते येताना गेलं, म्हणजे एकूण हिशोब शून्य. तसं होत नाही. दोन्ही मिळून १२ तास ४० मिनिटं झाली. वारा नसता तर १२ तास १९ मिनिटं लागली असती. विमान समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ अडकून असतं आणि पाठच्या वाऱ्याचा फायदा कमी वेळ घेतं, म्हणून वारा जाऊन-येऊन नेहमी तोट्याचाच ठरतो.

टोकाचं उदाहरण पाहायचं तर फेब्रुवारी २०२० मधलं. अटलांटिकवर मोठं वादळ असताना न्यूयॉर्कहून निघालेलं एक बोइंग ७४७ लंडनला ४ तास ५६ मिनिटांत उतरलं. त्याचा ग्राउंड स्पीड ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. जमिनीलगतच्या ध्वनीच्या वेगापेक्षाही तो जास्त, तरी विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं.

यातून एक गोष्ट निघते जी पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते: सर्वांत कमी किलोमीटरचा मार्ग सर्वांत कमी वेळाचा असेलच असं नाही. सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्यातलं बृहत् वृत्त सुमारे १५,३०० किलोमीटरचं आहे आणि ते उत्तर ध्रुवाजवळून जातं. पण सिंगापूरहून न्यूयॉर्ककडे जाणारं विमान बहुधा जपानच्या बाजूने वर सरकून उत्तर पॅसिफिक ओलांडतं. हजारभर किलोमीटर जास्त पडतात, पण पाठीवर जेट स्ट्रीम मिळतो. कंपनीचा उड्डाण-नियोजन विभाग वाऱ्याचा ताजा अंदाज घेऊन प्रत्येक फेरीसाठी असा मार्ग नव्याने काढतो. उत्तर अटलांटिकवर तर मार्गांचा एक संचच रोज नव्याने आखला जातो, कॅनडातल्या गँडर आणि ब्रिटिश-आयरिश शॅनविक या नियंत्रण केंद्रांकडून. पूर्वेकडे जाणारे मार्ग जेट स्ट्रीममध्ये आणि पश्चिमेकडे जाणारे त्याला टाळून. म्हणून काल ग्रीनलंडच्या कडेने गेलेलं विमान आज शेकडो किलोमीटर दक्षिणेकडून जातं, आणि दोन्ही दिवशी तोच निर्णय बरोबर असतो.

‘पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडे जाताना शहर समोरून यायला हवं’

हा आक्षेप अगदी रास्त आहे. विषुववृत्तावरचा बिंदू पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताशी सुमारे १,६७० किलोमीटरने पूर्वेकडे सरकत असतो. विमान वर उचललं गेलं की पृथ्वी खालून निघून जायला हवी, असं वाटणं साहजिक आहे. पण उड्डाणापूर्वी धावपट्टीवर उभं असलेलं विमानही त्याच वेगाने पूर्वेकडे चाललेलं असतं, आणि वातावरणही पृथ्वीबरोबर फिरतं. चाकं जमिनीवरून उचलली म्हणून तो वेग नाहीसा होत नाही. परिवलनाचा, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा, सरळ फायदा किंवा तोटा विमानाला होत नाही.

अप्रत्यक्ष परिणाम मात्र मोठा आहे. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे सरकणारी हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते, आणि जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो तो याचमुळे. म्हणजे पृथ्वी फिरते म्हणून पूर्वेकडचा प्रवास लवकर होतो, हे खरंच आहे. फक्त त्याची वाट वाऱ्यातून जाते.

जवळच्या मार्गात काय काय आडवं येतं

सगळ्यांत पहिली अडचण सुरक्षेच्या नियमाची. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एका इंजिनावर ठरावीक वेळात उतरता येईल असा विमानतळ वाटेत कायम आवाक्यात असला पाहिजे. या नियमाला ईटॉप्स म्हणतात. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती, त्यामुळे समुद्र ओलांडायला तीन-चार इंजिनांची विमानं लागत. इंजिनं भरवशाची होत गेली तशी १९८५ पासून १२० मिनिटं, मग १८० मिनिटं मान्य झाली. बोइंग ७८७ ला ३३० आणि ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता आहे. एका इंजिनावर वेग आणि उंची दोन्ही घटतात, म्हणून १८० मिनिटं म्हणजे साधारण दोन-सव्वादोन हजार किलोमीटर धरायचे. विमानाला मान्यता असली तरी कंपनीलाही ती वेगळी मिळवावी लागते. तिचं प्रशिक्षण आणि देखभाल त्या दर्जाची नसेल तर तेच विमान घेऊनही तिला लांबून जावं लागतं. दक्षिण गोलार्धात ही अडचण सर्वांत जास्त जाणवते. सिडनी आणि सँटियागो यांच्यातलं बृहत् वृत्त ६० अंश दक्षिणेच्याही खाली जातं, आणि तिथे हजारो किलोमीटर उतरायला जागा नाही.

दुसरी अडचण तिबेटच्या पठाराची. विमानाच्या आतला हवेचा दाब अचानक गेला तर लगेच १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं. तिथे माणसाला मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो. वरून लोंबणारे मुखवटे बहुतेक विमानांत रसायनांतून प्राणवायू तयार करतात आणि ते अंदाजे १२ ते २२ मिनिटं पुरतात. तिबेटमध्ये जमीनच शेकडो किलोमीटर १४,००० फुटांच्या वर आहे, म्हणजे खाली यायला जागा नाही आणि पठाराबाहेर पडेपर्यंत प्राणवायू पुरणार नाही. तिथून जायचं तर जास्त प्राणवायू, आधी आखलेले सुटकेचे मार्ग आणि खास परवानगी लागते. बहुतेक कंपन्या पठार टाळून जातात. हिमशिखरं उंच आहेत म्हणून विमान धडकेल, ही समजूत चुकीची आहे. विमान एव्हरेस्टच्या बरंच वरून जाऊ शकतं. प्रश्न तातडीने खाली यायचा असतो.

ध्रुवाजवळ वेगळीच काळजी घ्यावी लागते. जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश आहे आणि अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या जेट ए चा उणे ४०. बाहेर उणे ६५ किंवा ७० अंश असताना टाक्यांमधलं इंधन हळूहळू थंड होत जातं. त्याचं तापमान गोठणबिंदूच्या जवळ येऊ लागलं तर वैमानिक वेग वाढवतात किंवा कमी गार थरात उतरतात. दोन्हींमुळे हिशोब बदलतो. सूर्यावर मोठं वादळ असेल तर ध्रुवीय भागातला लांब पल्ल्याचा रेडिओ संपर्क बिघडतो आणि फेरी दक्षिणेकडून न्यावी लागते.

आणि मग देशांच्या हद्दी. दुसऱ्या देशावरून जायला परवानगी लागते आणि शुल्क भरावं लागतं. ती परवानगी गेली की वर्षानुवर्षांचं वेळापत्रक एका दिवसात कोलमडतं. हे नवीन नाही. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत हद्द पाश्चात्त्य विमानांना बंद होती, म्हणून युरोपहून जपानला जाणारी विमानं उत्तर ध्रुवाकडून येऊन अलास्कातल्या अँकरेजला इंधन भरत. कोपनहेगन-अँकरेज-टोकियो ही सेवा १९५७ मध्ये सुरू झाली. १९८३ मध्ये हेलसिंकीहून टोकियोला ध्रुवावरून न थांबता जाणारी सेवा सुरू झाली, आणि २०२२ नंतर हेलसिंकीची विमानं पुन्हा त्याच जुन्या ध्रुवीय वाटेकडे वळली. राजकीय निर्णयांचा प्रवाशाच्या घड्याळावर इतका सरळ परिणाम फार थोड्या ठिकाणी दिसतो.

मग विमान आणखी वेगाने का नेत नाहीत?

नेता येतं. काँकॉर्ड हे प्रवासी विमान मॅक २ ने, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडायचं आणि ७ फेब्रुवारी १९९६ रोजी त्याने न्यूयॉर्क ते लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत गाठलं. पण इंधनाचा खप अफाट होता, ध्वनीचा वेग ओलांडताना होणाऱ्या धमाक्यामुळे जमिनीवरून त्या वेगाने जाता येत नसे, आणि २००३ मध्ये ते बंद झालं.

साध्या विमानाचा वेग ध्वनीच्या जवळ नेला की पंखांवरून जाणारी हवा काही भागात ध्वनीचा वेग ओलांडते आणि विमानाला मागे खेचणारा विरोध झपाट्याने वाढतो. मॅक ०.८५ वरून ०.८७ वर गेलं तर लंडन-न्यूयॉर्कवर आठ-नऊ मिनिटं वाचतात, पण इंधनाचा खर्च त्या प्रमाणाबाहेर चढतो. म्हणून कंपनी प्रत्येक फेरीला इंधनाची किंमत आणि वेळेची किंमत यांचं गुणोत्तर विमानाच्या संगणकात भरते आणि संगणक वेग ठरवतो. फेरी उशिरा निघाली असेल आणि पुढची विमानं चुकणारे प्रवासी भरपूर असतील तर आकडा बदलून थोडा वेग वाढवतात. इंधन महागलं की वेग उतरतो.

न थांबता किती दूर?

पृथ्वीवरची कोणतीही दोन ठिकाणं सुमारे २०,००० किलोमीटरांहून जास्त दूर असू शकत नाहीत, कारण तो परिघाचा अर्धा भाग आहे. सिंगापूर-न्यूयॉर्क मार्गावरचं ए३५०-९००यूएलआर हे विमान १,६५,००० लिटर इंधन घेऊ शकतं. त्याचं वजन सुमारे १३० टन, आणि विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २८० टन. निम्म्याच्या जवळपास वजन नुसत्या इंधनाचं. त्यामुळे या विमानात १६१ आसनंच ठेवली आहेत. त्याच जातीच्या नेहमीच्या विमानात तीनशेच्या आसपास बसतात.

लांब पल्ल्याची मेख अशी की शेवटच्या तासात लागणारं इंधन आधीचे सतरा तास वाहून न्यावं लागतं. दर तासाला जादा इंधनाच्या साधारण तीन-चार टक्के इंधन ते वाहण्यातच जळतं. म्हणून खूप लांबच्या मार्गावर मध्ये थांबून जाणं इंधनाच्या दृष्टीने बऱ्याचदा स्वस्त पडतं, पण उतरणं, इंधन भरणं आणि पुन्हा चढणं यात दीड-दोन तास जातात. त्याशिवाय नुसत्या प्रवासापुरतं इंधन कधीच घेत नाहीत. अनपेक्षित खर्चासाठी साधारण पाच टक्के, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्यापुरतं, आणि तिथे ३० मिनिटं घिरट्या घालण्यापुरतं, असं वेगळं राखीव लागतं. समोरचा वारा अंदाजापेक्षा जोरदार निघाला आणि राखीव साठ्याला हात लागेल असं दिसलं की वैमानिक वाटेत उतरतो. २०११-१२ च्या हिवाळ्यात युरोपहून अमेरिकेकडे जाणारी बोइंग ७५७ विमानं याच कारणाने वारंवार गँडरसारख्या ठिकाणी इंधनासाठी थांबली होती.

सध्या सिडनी-लंडन या सुमारे १७,००० किलोमीटरच्या मार्गावर न थांबता जाण्याची तयारी चालू आहे, जादा टाकी बसवलेल्या ए३५०-१००० विमानाने. नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडनहून सिडनीला एक चाचणी-उड्डाण मोजकी माणसं घेऊन १९ तास १९ मिनिटांत पोहोचलं होतं. उलट दिशेला समोरचा वारा असल्यामुळे २२ तासांपर्यंत लागतील असं धरलं आहे.

तिकिटावरच्या तासांचा अंदाज

तिकिटावरचा वेळ दरवाजा सोडल्यापासून दरवाजाला लागेपर्यंतचा असतो; त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर जागेवर येणं हे सगळं धरलेलं असतं. चढताना आणि उतरतानाही पूर्ण वेग नसतो: १०,००० फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ३६,००० फुटांवरून उतरणं मुक्कामाच्या सुमारे २०० किलोमीटर आधीच सुरू होतं. कंपन्या यात थोडा जादा वेळही घालतात, म्हणजे किरकोळ उशीर झाला तरी विमान वेळेवर पोहोचल्याची नोंद होते.

स्वतः अंदाज करायचा तर बृहत् वृत्तावरच्या अंतरात चार टक्के वाढवा, कारण मार्ग कधीच तंतोतंत सरळ नसतो. मोठ्या विमानासाठी ९०० ने भागा. उत्तर गोलार्धात मध्य अक्षांशांवर पूर्व-पश्चिम प्रवास असेल तर पूर्वेकडे ९९० आणि पश्चिमेकडे ८१० धरा. उत्तर-दक्षिण प्रवासात वारा बहुधा आडवा लागतो, तिथे ९०० च ठीक. शेवटी ४५ मिनिटं मिळवा. लंडन-न्यूयॉर्कचे ५,५४० किलोमीटर वाढून ५,७६० होतात. पश्चिमेकडे ७ तास ५० मिनिटं आणि पूर्वेकडे ६ तास ३५ मिनिटं येतात. वेळापत्रकाशी हे पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने जुळतं. एखाद्या मार्गावर तासाहून जास्त तफावत आली तर बंद हद्द, डोंगर किंवा वाटेतला थांबा यांपैकी काहीतरी असणार, ते शोधा.

निघण्या-पोहोचण्याच्या वेळांची नुसती वजाबाकी कधीच करू नका, कारण दोन्ही वेळा स्थानिक असतात. टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघालेलं विमान सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी सकाळी साडेदहाला उतरतं. दोन्ही वेळा आधी जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत आणा. टोकियो नऊ तास पुढे, म्हणून निघण्याची वेळ सकाळी ८. सॅन फ्रान्सिस्को उन्हाळ्यात सात तास मागे, म्हणून पोहोचण्याची वेळ संध्याकाळी साडेपाच. प्रवास साडेनऊ तासांचा. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आठ तास मागे असतं, टोकियोत मात्र घड्याळं वर्षभर बदलत नाहीत. युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे घड्याळं बदलतात, पण एकाच दिवशी नाही: अमेरिकेत ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात पाचऐवजी चार तासांचा फरक असतो, आणि तसाच तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत असतो. त्या दिवसांत पुढचं विमान पकडायचं असेल तर मधला वेळ जुन्या तिकिटावरून न धरता त्या तारखेच्या वेळापत्रकावरून काढा.